लालन कशाला म्हणावे?

मुलाच्या आयुष्यातील पहिली पाच वर्षे लालनाची, असे आपले नीतिकार सांगून गेले. पुढच्या वर्षांत शिक्षा किती करावी, छडी घ्यावी की घेऊ नये, ह्यावर लोक हिरिरीने वाद घालतात. पण पहिल्या पाच वर्षांत जे करावयाचे ते लालन म्हणजे नेमके काय, हे कोणी विचारीत नाही. ज्याला त्याला वाटते, ते आपल्याला ठाऊकच आहे. लाड करणे म्हणजे लालन, त्यात विचारायचे काय? परंतु सज्जनहो, आज गावोगावी, वाडीवस्तीवर, शहरातील चाळी-झोपड्यांतून बालवाड्या आणि अंगणवाड्या चालतात. तीन वर्षांचे पोर आईचा पदर सोडून दिवसाचे तीन-चार तास वीस-पंचवीस परक्या पोरांत जाऊन बसते. तेथे त्याचे लालन होते की नाही? होत असेल तर कशाने होते? आणि आपल्या एकट्याच्या लेकराचे लालन केले म्हणजे आईबापांचे कर्तव्य पुरे होते काय? हे प्रश्न वाटतात तितके सोपे नाहीत.

प्रथम शब्दाकडेच पाहू. ‘लल्’ धातूचा अर्थ खेळणे, रमणे. त्याचे प्रयोजक रूप घेतले म्हणजे खेळविणे, रमविणे असा अर्थ होतो आणि त्यावरून ‘लालन’ शब्द सिद्ध होतो. आपल्या मराठीतला ‘लाड’ हा त्याच घरचा. म्हणजे पहा, मुळात लाड ह्या शब्दात खाऊ नाही, नवे कपडे नाहीत, सोन्याचे बाळलेणे नाही. मुलाला रमविणे, त्याच्या खेळाला वाव देणे, एवढेच त्यात आहे. आपण मात्र वस्तू आणून देण्याला लाड म्हणू लागलो. बाजारातून खेळणे आणले, पोराच्या हाती दिले, की आपले काम झाले. अलीकडे तर खेळण्याचीही गरज राहिली नाही. रडू लागले की त्याच्या हाती मोबाइल द्यावा, म्हणजे पोर गप्प बसते आणि घरातल्यांना उसंत मिळते. पोर गप्प बसले म्हणजे ते रमले, असे मात्र समजू नये. ते नुसते थांबलेले असते.

आता खेळाचा स्वभाव पहा. दूध एकट्याला पाजता येते. अंगाई एकट्यासाठी म्हणता येते. परंतु खेळ एकट्याने फार वेळ चालत नाही. रांगते बाळसुद्धा ‘भो’ करायला दुसरे तोंड शोधते. तीन वर्षांचे झाले म्हणजे त्याला आईबाप पुरत नाहीत. त्याला त्याच्याच उंचीचे, त्याच्यासारखेच अडखळत बोलणारे, त्याच्यासारखेच हट्टी असे दुसरे पोर लागते. मोठा माणूस मुलाशी खेळताना मुद्दाम हरतो. बरोबरीचे पोर मुद्दाम हरत नाही, आणि मुलाला जे शिकावयाचे असते ते तेथेच असते. म्हणून लालन ह्या शब्दातच दुसरे मूल गृहीत धरलेले आहे, असे आम्हाला वाटते. सवंगडी नसेल तर लालन अर्धेच राहते.

पूर्वी हे सवंगडी आपोआप मिळत. एका वाड्यात चार बिऱ्हाडे, चुलत-मावस मिळून दहा-बारा पोरे, अंगणात आजी निवडण-टिपण करीत बसलेली. पोरे पडत, उठत, भांडत आणि एकाच परातीत जेवीत. आज घरे लहान झाली. आई शेतावर जाते, कारखान्यात जाते, कचेरीत जाते. आजी दुसऱ्या गावी आहे, किंवा असली तरी तिचे गुडघे चालत नाहीत. मग पोर सांभाळायचे कोणी? गरिबाघरी हे काम आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीकडे येते. तिची शाळा सुटते आणि धाकट्याचे लालनही होत नाही. कारण ती स्वतःच पोर असते. बालवाडी उघडली म्हणजे दोन मुलांचे हित होते, एक आत येणारे आणि एक शाळेत जायला मोकळे झालेले. ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

बालवाडीत काय चालते ते पाहायला आपण पुरुषमाणसे कधी जात नाही. एकदा जाऊन बसावे. सकाळी पोरे येतात, काही हसत, काही रडत. हातपाय धुतात. गोल करून गाणी म्हणतात. कोणी मणी ओवतो, कोणी मातीचा बैल करतो, कोणी कोपऱ्यात भातुकली मांडतो. घसरगुंडी एक आणि पोरे पंधरा. तेव्हा रांग लागते. घरी ज्याला थांबण्याची सवय नाही त्याला इथे थांबावे लागते, आणि थांबल्यावर आपला क्रम खरोखरच येतो असा अनुभवही मिळतो. हा अनुभव लहान नाही. जग आपल्याला विसरणार नाही, आपला वाटा आपल्याला मिळेल, हा विश्वास माणसाला जन्मभर पुरतो. आणि तो नसला म्हणजे म्हातारपणीही माणूस पंगतीत ढकलाढकली करतो. मग जेवण येते. सगळी एका ओळीत बसतात. शेजारच्याचे सांडले तर दुसरा सांगतो, ‘बाई, ह्याचं सांडलं.’ एखादे नवे पोर आईसाठी हुंदके देत असते, तेव्हा काल हुंदके देणारे दुसरे पोर त्याच्यापुढे आपली बाहुली नेऊन ठेवते. त्याला हे कोणी शिकविलेले नसते. काल आपल्यापुढे कोणीतरी ठेवली होती, एवढेच त्याला आठवत असते.

ह्या वयाची पोरे एकमेकांना मारतात, ओरबाडतात, चावतातसुद्धा. अशा वेळी आया चवताळून येतात, ‘माझ्या लेकराला चावलेलं पोर कोणतं ते दाखवा.’ जाणती सेविका काय करते? चावलेल्या जागी ओला फडका ठेवते, आणि तो फडका धरायला चावणाऱ्यालाच सांगते. आपल्या दाताने दुसऱ्याला दुखते, हे त्या पोराला तेव्हा कळते. तीन वर्षांच्या पोराला दुसऱ्याचे दुःख व्याख्यानाने कळत नाही. ते असेच, हाताने कळते. अद्वैताचे ग्रंथ आम्ही पुष्कळ वाचले, पण परपीडेचे ज्ञान होण्याची ह्याहून सोपी रीत आम्हाला कोठे आढळली नाही.

वारीत चालणाऱ्यांनी माउलींच्या पालखी सोहळ्यातली समाज आरती पाहिलेली आहे. चोपदाराने चोप उंच केला की सर्व दिंड्यांचे टाळ थांबतात. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार त्या दिंडीकडे जाऊन काय झाले ते विचारतात. वाजविणाऱ्यांना कोणी दटावीत नाही. ती तक्रार सांगण्याची मान्य रीतच आहे. बालवाडीतले रडणे हे असेच समजावे. सगळी गप्प बसली आणि एक रडतच राहिले, तर ते पोर वाईट नाही. त्याचे काहीतरी दुखते आहे, नाहीतर त्याचे काहीतरी चुकले-हरवले आहे. त्याच्याकडे जाऊन विचारणे हेच तेथल्या बाईंचे मुख्य काम. अक्षरे शिकविण्याचे काम त्याच्या नंतरचे.

आता पूर्वपक्ष मांडतो, आणि तो दुबळा करून मांडणार नाही. कोणी म्हणेल, “बुवा, हे सगळे खरे. पण देवाने मला माझे लेकरू दिले आहे, गावाचे नव्हे. माझे पहिले कर्तव्य त्याच्याकडे. माझ्या ऐपतीप्रमाणे मी त्याला चांगल्यात चांगले देणार. गावातल्या अंगणवाडीच्या भिंती ओल्या आहेत, तेथे शिकविणे यथातथाच आहे. म्हणून मी त्याला मोटारीने तालुक्याच्या इंग्रजी बालशाळेत पाठवितो. ह्यात मी कोणाचे काय वाईट केले?” हा माणूस दुष्ट नाही. पोटच्या पोराची काळजी सोडून जगाची काळजी वाहणारा बाप काही मोठा साधू ठरत नाही. घरातले पोर उपाशी ठेवून परोपकार करू नये, हेही खरे. तेव्हा त्याला रागावून चालणार नाही, त्याला उत्तरच दिले पाहिजे.

उत्तर असे. हित दोन प्रकारचे असते. एक वाटून घेता येणारे. धान्य, कपडा, औषध ही ह्या जातीची. माझ्या मुलाचा वाटा वेगळा काढला तर तो वाटा म्हणून शिल्लक राहतो आणि त्याच्या अंगी लागतो. दुसरे हित असे असते की ते सगळ्यांत मिळूनच उत्पन्न होते. बोलणे, खेळणे, आपला क्रम येईतो थांबणे, क्षमा मागणे, कोणीतरी आपल्याला हाक मारणे, ही दुसऱ्या जातीची. ह्यांचा ‘माझा वाटा’ वेगळा काढताच येत नाही, कारण वेगळा काढला की ती वस्तूच नाहीशी होते. टाळ एका हाताने वाजत नाही, तसेच हे. आता लहान वयातले हित बहुतांशी ह्या दुसऱ्या जातीचे आहे. म्हणून जो बाप केवळ आपल्या मुलासाठी चांगल्यात चांगले शोधतो, तो पहिल्या जातीचे हित पुष्कळ मिळवितो आणि दुसऱ्या जातीचे गमावून बसतो. मोटारीने जाणाऱ्या पोराला संध्याकाळी गल्लीत सवंगडी उरत नाही. आणि मागे राहिलेल्या अंगणवाडीतून तो बाप, त्याची चौकशी, त्याचा आवाज, ही सगळी निघून जातात. भिंत ओली आहे असे सरपंचाला ठणकावून सांगू शकणारा माणूसच निघून गेला, मग भिंत ओलीच राहते. पूर्वी गाव फुटत असे ते वयात आलेल्यांच्या भांडणाने. आता ते तिसऱ्या वर्षीच दोन वाटांनी जाऊ लागले आहे.

ज्यांनी बालशाळेचा विचार प्रथम केला त्यांनी ही गोष्ट अनुभवाने जाणली होती. रोम शहरातील सान लोरेन्झो ह्या मजुरांच्या वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया मॉन्टेसोरी ह्या डॉक्टरबाईंनी आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप कामाला गेले म्हणजे मागे राहिलेली पोरे नव्या इमारतीच्या जिन्यांची, भिंतींची नासधूस करीत, म्हणून इमारतीच्या चालकांनीच एक खोली दिली होती. भिंती वाचाव्या हा मूळ हेतू. पण त्याच खोलीत बाईंना मुलांची एकाग्रता, त्यांची नीटनेटकेपणाची आवड, एकमेकांना साहाय्य करण्याची ओढ दिसली. आपल्या शेजारी गुजरातेत गिजुभाई बधेका ह्यांनी वकिली सोडून भावनगरला १९२० साली बालमंदिर सुरू केले. लोक त्यांना ‘मिशीवाली आई’ म्हणत. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या ताराबाई मोडक ह्या आपल्या महाराष्ट्राच्या.

ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र काढले. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता ते पालघर जिल्ह्यात आहे. बालविधवा म्हणून आयुष्य सुरू झालेल्या अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या आणि जन्मभर त्या कामात राहिल्या. शहरातील बालमंदिराला महागडी साधने लागतात. येथे पाने, बिया, शंख-शिंपले, माती हीच साधने झाली. पण खरी अडचण साधनांची नव्हतीच. बालवाडी उघडली तरी हरिजनवाड्यातील मुले येईनात. त्यांनी यावे कसे? गावाने पिढ्यान् पिढ्या ज्यांना दूर राहा म्हणून सांगितले, त्यांची तीन वर्षांची पोरे एका हाकेने आत कशी येतील? तेव्हा ताराबाईंनी मुलांची वाट पाहणे सोडले आणि बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. तेथेच पोरांना न्हाऊमाखू घालायचे, तेथेच गाणी, तेथेच गोष्टी. अंगणात भरली ती अंगणवाडी. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली गेली. सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकासाची योजना सुरू केली. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. नाव सगळ्यांनी घेतले. पण त्या नावात जो नियम आहे, की पोर येत नसेल तर पोराकडे जावे, तो किती ठिकाणी पाळला जातो, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते पाहावे.

आम्ही गावोगाव फिरतो, तेव्हा डोळे मिटून फिरत नाही. एका गावी सप्ताहाच्या निमित्ताने राहिलो असता शेजारीच अंगणवाडी होती. दुपारी पोरे जेवायला बसली. बहुतेकांपुढे खिचडी होती. पाच-सहा पोरे मात्र घरचे डबे उघडून थोडी अंतरावर बसलेली. चौकशी केली तेव्हा कोणी सांगितले, पोरांना घरचेच आवडते. मग एका म्हातारीने हळूच सांगितले, ‘महाराज, सैपाक करणारी बाई कुणातली हाय ते बघा ना.’ त्या पाच-सहा पोरांना जात हा शब्दही ठाऊक नसेल. त्यांना एवढेच कळत होते, की मधे दोन हात जागा सोडून बसायचे असते. का, ते पुढे कोणीतरी सांगणारच होते. त्यांपैकी एक पोर सारखे मागे वळून खिचडीच्या ओळीकडे पाहत होते. कारण हसणे तिकडे चालले होते.

आणि हे कोणत्या गावी? ज्या गावी सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काला होतो! काल्याचा अर्थ आम्ही कीर्तनकार मोठ्या रसाने सांगतो. प्रत्येक गोपाळाची शिदोरी वेगळी, कोणाची ताक-भाकर, कोणाचे दही-भात. ती एकत्र कालविली आणि मग कोणाचे काय हे ओळखू येईना. लोक माना डोलावतात. मग त्या गोपाळांच्याच वयाची पोरे बाहेर अंगणात एका पातेल्यातले खायला बसली, तर आपल्याला डबा का आठवावा? वारकऱ्यांनी तर हे विसरूच नये. आळंदीच्या त्या चार भावंडांना गावाने वाळीत टाकले ते त्यांच्या स्वतःच्या अपराधाबद्दल नव्हे. बापाने संन्यास घेऊन पुन्हा संसार केला म्हणून. लेकरांवर मोठ्यांच्या हिशेबाचा राग काढला म्हणजे काय होते, त्याची कथा सांगून आपण सातशे वर्षे डोळे पुसतो आहोत. ज्याला ती कथा ऐकून पाणी येते, त्याने आपल्या गावात आज कोणाचे पोर मोठ्यांच्या हिशेबासाठी बाजूला बसते आहे, ते पाहिले पाहिजे. एखाद्याचा बाप दारूडा, एखाद्याची आई नवऱ्याने टाकलेली, एखादे कुटुंब पोटासाठी परमुलखातून आलेले. पोरांचा त्यात काय संबंध?

दुसरा एक घोळ अक्षरांचा आहे. तीन वर्षांचे पोर बालवाडीत घातले, की महिन्याभरात आईबाप विचारतात, ‘लिहायला कधी येणार?’ ज्या शाळेत पोर पाटी भरून आणते ती चांगली, आणि जेथे ते माती खेळून येते ती वाईट, असा आमचा न्याय. वास्तविक माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडून चिकटविणे, ह्यांनीच बोटांना पुढे लेखणी धरण्याचे बळ येते. ते येण्याआधी बोटांत पेन्सिल कोंबली, तर अक्षर वळत नाही आणि शाळेची धास्ती मात्र बसते. अक्षरांच्या आधी कानावर शब्द पडावे लागतात. गोष्ट ऐकलेले, गाणे म्हटलेले पोर पुढे वाचायला लवकर लागते. आम्ही पाठशाळेत शिकलो तेथेही आधी संथा कानाने घ्यावयाची, पोथी नंतर, असाच क्रम होता. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन वर्षांपासूनची ही वर्षे शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात घेऊन ती खेळातून शिकण्याची मानली आहेत. म्हणजे ज्याला नीतिकार लालन म्हणत होते, त्याच्याशी नवा विचार जुळतो. जुळत नाही तो आपला उतावीळपणा.

आता त्या बाईंचा विचार करू, जिच्या भरवशावर हे सर्व चालते. अंगणवाडीत एक सेविका आणि एक मदतनीस. पोरे खेळवायची, आहार पाहायचा, लसीकरणाच्या दिवशी पोरे जमवायची, दर महिन्याला वजन-उंची घ्यायची, गरोदर बायांच्या घरी जायचे, आणि २०२१ पासून हे सगळे मोबाइलवर भरायचे. ह्यातले वजनाचे काम फार मोलाचे आहे. पोर वाळते आहे हे आईच्या डोळ्यांना उशिरा दिसते, कारण ती रोज पाहते. तराजूला ते आधी दिसते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते जिवाच्या धोक्यात आहे असे समजतात. बांगडीएवढ्या पट्टीने हे कळते आणि पोर वाचते. हे काम करणाऱ्या बाईला जे मिळते त्याला वेतन म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. संस्कृतात ‘मानधन’ हा बहुव्रीही समास आहे. मान हेच ज्याचे धन, असा अभिमानी पुरुष, हा त्याचा अर्थ. आपण तो शब्द सेविकेला लावला, आणि मानही दिला नाही, धनही दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी ह्या बायांना उपदान मिळण्याचा हक्क आहे असा निर्णय दिला. त्यानंतरही डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविका आणि मदतनिसांना मागण्यांसाठी संपावर जावे लागले. तेव्हा गावोगाव बोलणे ऐकू येई, ‘ह्या बायांनी पोरांचे हाल केले.’ पोरांचे हाल झाले हे खोटे नाही. परंतु ती तीन महिने उसनवार करून घर चालवीत होती, तेव्हा तिच्या पोरांचे हाल कोणी मोजले? जिचे स्वतःचे मन थाऱ्यावर नाही, तिने तीस पोरांची मने थाऱ्यावर आणावी अशी अपेक्षा करणे न्यायाचे नव्हे. मुलांच्या हितात त्यांना सांभाळणारीचे हित येतेच. ते वेगळे काढता येत नाही.

शेवटची शंका. कोणी म्हणेल, हे सरकारचे काम आहे. होय, आहेच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला अंगणवाडीतून आहार मिळणे हा हक्क ठरविला आहे. तो मिळत नसेल तर गावाने मागावा, आणि मागताना संकोच करू नये. भीक आणि हक्क ह्यांत फरक आहे. पण सरकार तांदूळ देईल, तराजू देईल, खोली बांधील. गोष्ट सांगणारा आजोबा सरकार कोठून आणणार? सरकारला दोन हातांचे अंतर मिटविता येत नाही. ते गावानेच पाडले, गावानेच मिटवावे.

करण्यासारख्या गोष्टी लहान आहेत. गावातल्या हरिपाठाच्या मंडळींनी आठवड्यातून एक सकाळ अंगणवाडीसाठी ठेवावी. एकाने गोष्ट सांगावी, एकाने टाळ घेऊन गाणे म्हणावे. पोरांना टाळ फार आवडतो, वाजवू द्यावा. पाण्याची टाकी स्वच्छ आहे की नाही, हे विहिरीचे पाणी पाहतो तसे पाहावे. पोराचा वाढदिवस असेल तर सगळ्यांना पुरेल असे न्यावे, नाहीतर नेऊ नये. सप्ताहाच्या महाप्रसादात पहिली पंगत अंगणवाडीच्या पोरांची बसवावी, सगळ्या आळ्यांची एका ओळीत, आणि वाढायला गावातल्या मोठ्या म्हणविणाऱ्यांनी उभे राहावे. ज्याची ऐपत तालुक्याच्या शाळेची आहे त्याने आपले पोर खुशाल तेथे पाठवावे, पण संध्याकाळी त्याला गल्लीत खेळायला सोडावे, आणि अंगणवाडीच्या सभेला स्वतः जावे.

आणि एक गोष्ट सर्वांत आधी करावी. हजेरीचा पट मागून घ्यावा आणि कोण आले हे न विचारता कोण आले नाही हे विचारावे. कारखान्याचा हंगाम सुरू झाला म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यांची पोरे पटावर राहतात आणि प्रत्यक्षात फडाच्या कडेला पाचटावर झोपलेली असतात. दोन्हीकडच्या पंगतींत ती नसतात. आपल्या गावच्या पटावरची अशी पोरे कोठे गेली, आणि दुसऱ्या गावची आपल्या शिवारात आलेली पोरे कोणत्या अंगणवाडीत जातात, एवढी चौकशी केली तरी पुष्कळ होईल. दिंडी मुक्कामाला पोचल्यावर मागे कोण राहिले हे पाहिल्याशिवाय आपण ताटावर बसत नाही. पोरांच्या बाबतीत तीच रीत धरावी. त्यासाठी नवी विद्या शिकावी लागत नाही. असो, लेख लांबला. वाचकांनी आपापल्या गावचा पट पाहावा, एवढीच विनंती.